बिनअटीचे सहा लाख मिळताहेत. पगाराला लावू की गाडीला?

उमरेडरोड, नागपूर

नमस्कार. मी दिघोरीत राहते आणि कुही-भिवापूर भागातल्या एका छोट्या संस्थेत १४ वर्षांपासून काम करते. संस्था २००३ ची आहे. आमच्या काकांनी (संस्थापकांना सगळे काकाच म्हणतात) इतवारीहून छोट्या गाडीत सायकल टाकून, कुहीला उतरून, गावोगाव फिरून ती उभी केली. ती छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, २०१९ मध्ये बंद झाली. काका आता ७४ वर्षांचे आहेत. मी एसटीने जाते.

१७ गावांत बायकांचे ४३ बचत गट आहेत. त्यातली पाच गावं गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून उठवलेली, नव्या गावठाणात वसवलेली. तिथे घर मिळालं, रस्ता मिळाला, पण शेत गेलं. मिरचीच्या हंगामात आमच्या निम्म्याहून जास्त बायका सातऱ्यावर असतात. ज्यांनी सातरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: मिरचीचे देठ खुडायची ती मोकळी जागा. दिवसभर लाल मिरचीच्या ढिगात बसायचं, मजुरी किलोवर. संध्याकाळी हात असे झोंबतात की घरी गेल्यावर बाई लेकराला जवळ घ्यायला भिते. यातल्याच तीन गटांनी चार वर्षांपूर्वी ठरवलं की दुसऱ्याची मिरची खुडतोच, तर थोडी आपलीही घेऊ. शेतकऱ्याकडून भिवापुरी मिरची थेट घेतात, दळून आणतात, नागपुरात पाकिटं विकतात. बाकीच्या गटांत शेळ्या आहेत, परसबाग आहे, एका गावात पत्रावळीचं मशीन आहे.

आता अडचण. आमच्याकडे हिशेब लिहिणारी एक मुलगी होती, कुही तालुक्यातलीच, बी.कॉम. झालेली. ११ वर्षं होती. ४३ गटांपैकी कोणत्या गटात कोणती बाई दोन हप्ते मागे आहे आणि का मागे आहे, हे तिला वही न उघडता सांगता यायचं. नवऱ्याचं दारूचं, सासूच्या ऑपरेशनचं, सगळं. तिला आम्ही ९,५०० रुपये देत होतो, आणि तेही प्रकल्प चालू असेल तेव्हा. मार्चमध्ये प्रकल्प संपला की नवा मंजूर होईपर्यंत तीन-चार महिने पगार नाही. दिवाळीनंतर ती एका कर्जवाटप कंपनीत गेली, १६ हजारांवर. मी तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होते? तीन वर्षांत अशी चार माणसं गेली. प्रत्येक वेळी नवं माणूस येतं, त्याला १७ गावांच्या वाटा दाखवते, वर्षभरात तेही जातं.

गेल्या महिन्यात एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांची पत्नी भिवापूरकडची होती, दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आठवणीत त्यांना सहा लाख द्यायचे आहेत. कशासाठी ते तुम्ही ठरवा, म्हणाले. २३ वर्षांत असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं, आणि आता आमच्या बैठकीत एकमत होत नाही. सचिवांना सेकंडहॅंड गाडी हवी आहे, कारण संध्याकाळच्या बैठकीनंतर परतायला एसटी नसते, हे खरं आहे. एका विश्वस्तांचं म्हणणं आहे की एक पक्की खोली बांधावी, प्रशिक्षणासाठी. काका म्हणतात एफडी करा, व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. माझं म्हणणं आहे की हिशेबनीस १४ हजारांवर आणि गावात फिरणारी एक पर्यवेक्षिका १२ हजारांवर, अशा दोघी दोन वर्षांसाठी ठेवाव्यात. त्याला सगळे म्हणतात, पगारात गेलेले पैसे दिसत नाहीत, दोन वर्षांनी दाखवायला काय राहील?

एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडे (कंपनीचा सामाजिक कामाचा निधी सांभाळणाऱ्यांकडे) हाच पगार मागितला होता. फोनवर सांगितलं, ५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च कायद्यातच बसत नाही. बायकांना शिलाई मशीन द्यायला तयार होते. आमच्या गावांत शिलाई मशीन आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत.

ज्यांनी अशा संस्था चालवल्या किंवा बंद पडताना पाहिल्या त्यांनी सांगावं. तुम्ही काय केलं असतं?

—

ताळेबंद, धरमपेठ

ताई, मी गेली काही वर्षं सार्वजनिक न्यासांचंच लेखापरीक्षण करतो, म्हणून आधी कागदाचं बोलतो. सहा लाखांचा चेक हातात येण्याआधी ही कामं व्हायला हवीत.

प्राध्यापकांच्या पत्रात काय शब्द आहेत ते नीट पाहा. ‘कायम निधीसाठी’ किंवा ‘कॉर्पस’ असं लिहिलं असेल तर ती रक्कम वेगळी गुंतवून ठेवावी लागेल, पगार त्यातून देता येणार नाही. त्यांना तुमच्या मनातलं सांगा आणि पत्र तसं घ्या: ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी, कर्मचाऱ्यांच्या मानधनासह.’ एवढ्या एका ओळीनं पुढचे वाद मिटतात.

दुसरं, न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच आर्थिक वर्षात खर्च करावे लागतात, नाही तर कशासाठी राखून ठेवतोय ते ठराव करून, विवरणपत्र भरून कळवावं लागतं. पाच वर्षांपर्यंत राखता येतात. तुमची योजना दोन वर्षांची आहे, म्हणून सोपा मार्ग असा की तीन लाख या वर्षात आणि तीन लाख येत्या एप्रिलनंतर मागा. दोन्ही वेळा चेकने.

आता त्या ५ टक्क्यांबद्दल. हे मी इतक्या संस्थांकडून ऐकलंय की इथे ठळकपणे लिहितो. २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावरचा थेट खर्च त्या व्याख्येतून नियमातच वगळलेला आहे. गटांच्या वह्या तपासणारी बाई हा तुमच्या प्रकल्पाचा खर्च आहे. म्हणजे कंपनीने पगार द्यायलाच हवा असं नाही, पण ‘कायद्यात बसत नाही’ हे उत्तर चूक आहे. पुढच्या अर्जात त्या पदाला ‘प्रशासकीय’ म्हणू नका. ती काय करते ते लिहा: किती गट, किती वह्या, महिन्याला किती बैठका.

हीच गल्लत परदेशी निधीच्या बाबतीतही होते. तिथे मर्यादा खरोखर संस्थेवर आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि मोठ्या संस्थेने आपल्याकडचा परदेशी निधी लहान संस्थेला देणं पूर्ण बंद झालं. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी संस्था त्या वाटेवर जगत होत्या.

शेवटचा प्रश्न: तुमचा चेंज रिपोर्ट दाखल आहे का? विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या तुमच्या न्यासाच्या नोंदीवर, आज जी नावं आहेत ती माणसं हयात आहेत का, तेवढं पाहून सांगा.

—

उमरेडरोड, नागपूर

दादा, मनापासून आभार. पाच टक्क्यांचं वाचून मी खुर्चीतून उठलेच. दोन वर्षं आम्ही ते उत्तर खरं मानून बसलो होतो.

शेड्यूल वनची नक्कल काल रात्री काढून पाहिली. सात नावं आहेत. त्यातले दोन वारले, एक पुण्याला गेले ते परत आले नाहीत. नवीन तीन जण बैठकीला येतात, सह्या करतात, पण नोंद नाही. चेंज रिपोर्ट आम्ही दिलेलाच नाही. चूक पूर्ण आमची आहे. ते काम हिशेबवाल्या मुलीच्या यादीत होतं आणि ती यादी तिच्याबरोबर गेली.

—

माजी सीईओ, काटोल

गाडी घेऊ नका. खोली बांधू नका. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचा तीन वर्षं सीईओ होतो, संत्र्याच्या भागात. २०२० मध्ये केंद्राची १० हजार एफपीओंची (अशाच शेतकरी उत्पादक संस्थांची) योजना आली, त्यातली आमची कंपनी. व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मिळायचे. सीईओला महिन्याला २५ हजारांपर्यंत, लेखापालाला १० हजारांपर्यंत. ती तीन वर्षं कंपनी जिवंत होती. सभासद ३०० च्या वर, बैठका वेळेवर, नागपूरच्या कलमना बाजारात माल एकत्र पाठवला.

मग संचालक मंडळाला वाटलं, काहीतरी दिसलं पाहिजे. कर्ज काढून ग्रेडिंगचं यंत्र घेतलं. शेड बांधली. थ्री फेज जोडणी घेतली. संत्रा वर्षातून थोडेच महिने असतो, विजेचा स्थिर आकार बाराही महिने येतो. तिसरं वर्ष संपलं, आमचे पगार थांबले, लेखापाल आधी गेला, मग मी. माझ्या घरी दोन मुलं शिकत होती. वार्षिक विवरणपत्रं भरायला कोणी उरलं नाही. त्याला विलंब झाला की एका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये चढतात. सहा महिन्यांनी मला एका संचालकांचा फोन आला की दंड किती झाला ते सांगा. मी बसून हिशेब केला. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

यंत्र आजही आहे. कंपनी कागदावर आहे. माणूस असता तर यंत्र भाड्यानेही चाललं असतं. दोन वर्षांनी दाखवायला काय राहील असं तुमचे विश्वस्त विचारतात ना, त्यांना आमची शेड दाखवायला आणा. मी स्वतः येतो सोबत.

—

वर्धा लाइन

काकांच्या एफडीचा हिशेब: ६ लाख, ७ टक्के धरले तरी वर्षाचे ४२ हजार. १४ हजारांच्या हिशेबनिसाचे तीन महिने. बाकीचे नऊ महिने तेच, जे आज आहे. मी बँकेत ३१ वर्षं काढली. एफडीवर माझं प्रेम आहे, पण ही तिची जागा नाही.

—

सहयोगिनी होते, आता व्यवस्थापक

ताई, मी माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांमध्ये सहयोगिनी, म्हणजे गटांना भेटी देणारी कार्यकर्ती, म्हणून लागले, २००८ मध्ये. तेव्हा तेजस्विनी कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. पुढे गटांचे मिळून लोकसंचालित साधन केंद्र झालं आणि आज मी अशाच एका केंद्राची व्यवस्थापक आहे. माझं मत इथल्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे, रागावू नका.

पगाराला पैसे लावा, बरोबर आहे. पण दोन वर्षांनी काय? प्राध्यापक पुन्हा येतीलच असं नाही. आमच्या केंद्राला सुरुवातीला कार्यक्रमातून पैसा यायचा, आणि तो कमी-कमी होत जाणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आम्ही गटांकडून सेवाशुल्क घ्यायला लागलो. वही तपासायचे, बँकेचं कर्जप्रकरण तयार करायचे, लेखापरीक्षणाचे. पहिल्या बैठकीत बायका उठून गेल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं फुकट होतं, आता आमच्यापासून कमाई करता का? मला रडू आलं होतं त्या दिवशी. वर्षभर लागलं. पण एकदा पैसे द्यायला लागल्या ना, तेव्हा त्याच बायका मला विचारायला लागल्या, या महिन्यात तुमची सहयोगिनी आमच्याकडे एकदाच आली, दोनदा यायला पाहिजे होती. तोवर असं कोणीच विचारलं नव्हतं. मला तो दिवस पगारवाढीपेक्षा मोठा वाटला.

तुमच्याकडे ४३ गट. गटात ११ बाया धरा, ४७३ होतात. बाईमागे महिन्याला १० रुपये घेतले तरी ४,७३० रुपये. तुमच्या हिशेबनिसाचा तिसरा हिस्सा झाला. उरलेले दोन हिस्से प्राध्यापकांच्या पैशातून. तिसऱ्या वर्षी १५ रुपये करा. मसाल्याच्या विक्रीतून पाकिटामागे थोडं बाजूला काढा. पूर्ण पगार निघेल असं मी म्हणत नाही, पण मार्च ते जुलै तुमच्या पोरीला घरी बसावं लागणार नाही.

आणि ती जी मुलगी कर्जवाटप कंपनीत गेली, तिच्याबद्दल थोडं बोलते. त्या कंपन्या आमच्या गावांत येतात, आमच्याच गटातल्या बायकांना एकत्र बसवतात, आमच्याच पोरींना नोकरीवर घेतात. कोणत्या बाईची परतफेड चांगली आहे ते त्या पोरींना पाठ असतं, आपणच शिकवलेलं असतं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने नियम केला आहे की सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत. पण सातऱ्यावर किलोने कमावणाऱ्या बाईचं मासिक उत्पन्न कोण आणि कसं मोजणार? ज्या गावात गटाची वही रोजच्या रोज लिहिलेली आहे तिथे मोजता येतं. हिशेबनीस का हवी, याचं विश्वस्तांना द्यायचं उत्तर मला हेच वाटतं.

—

तलावकाठ, भंडारा

मी ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांसोबत काम करतो. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. बरेचसे गाळाने आणि बेशरम नावाच्या झुडपाने भरलेले. काही तलावांत बेशरम काढून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मग हळूहळू मरळ, वाम यांसारखे देशी मासे दिसायला लागले. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत लावायची ते ठरवणारे ढिवर म्हातारेच होते, आम्ही फक्त लिहून घेतलं.

पैशाचं वरच्या मंडळींनी नीट सांगितलंय. मला थोडं वेगळं जोडायचं आहे. सहा लाखांतले वीस-पंचवीस हजार बायकांच्या बसायला आणि फिरायला ठेवा. म्हणजे चांगलं चाललेलं गाव पाहून यायला. आम्ही एकदा बारा जणांना गडचिरोलीला मेंढा (लेखा) गावात नेलं होतं. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. आमच्या माणसांनी तिथे जाऊन दुसरंच पाहिलं. त्या गावात हक्क मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून अभ्यासगट बसत होता, आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने व्हायचा. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला.

परतताना गाडीत आमच्या संस्थेचे अध्यक्ष गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी आपल्या पेटीतून संस्थेची जुनी वही काढली आणि सभासदांसमोर ठेवली. नऊ वर्षं ती पेटीत होती. त्या सहलीला किती खर्च आला ते मला आठवतही नाही, पण आमच्या संस्थेत तेव्हापासून वही टेबलावर असते.

—

उमरेडरोड, नागपूर

सगळ्यांचं दोन-दोन वेळा वाचलं. काकांना मोठ्याने वाचूनही दाखवलं. एफडीच्या ओळीवर ते थांबले, परत वाच म्हणाले.

परवा सातऱ्यावर गेले होते, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. दहा रुपयांचं तिथेच काढलं, बैठक वगैरे न बोलावता. मला भीती वाटत होती. दिवसभर मिरची खुडून जिचे डोळे लाल झालेत तिला पैसे मागायचे, हे माझ्या जिवावर आलं होतं. एक मावशी आहेत, गोसीखुर्दच्या उठलेल्या गावातल्या, गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्या म्हणाल्या, “दहा देऊ, पण पोरगी आपलीच पायजे. नवीन पोरगी आली का मले माया घरचं सारं पुन्हा सांगा लागते.” बाकीच्यांनी मान हलवली. दोघी-तिघी काही बोलल्या नाहीत, त्यांच्याकडे वेगळं जावं लागेल. सहमती झाली असं मी धरत नाही.

प्राध्यापक तीन-तीन लाखांत द्यायला तयार आहेत. पत्राची ओळ ताळेबंददादांनी लिहिली तशीच घेतली, त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पत्नीचं नाव जोडलं. चेंज रिपोर्टचे कागद जमवायला लागलोय. दोन विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले मिळाले, पुण्याच्या सरांनी राजीनामा पोस्टाने पाठवला. सचिव अजून गाडीवरच आहेत, पण काटोलच्या दादांची शेड पाहायला येतो म्हणाले. पुढच्या रविवारी चालेल का दादा? आम्ही चौघं असू. काकांनाही यायचं आहे.

त्या मुलीला मी काल फोन केला. १४ हजार देऊ शकते, बाराही महिने, दोन वर्षं नक्की, इतकंच सांगितलं. १६ वरून १४ वर ये असं कोणाला म्हणणं सोपं नाही. ती लगेच हो म्हणाली नाही. दिवसाला किती घरांच्या दारात हप्त्यासाठी उभं राहावं लागतं ते सांगत राहिली, त्यातली काही घरं आपल्याच गटांतली. मग तिने विचारलं, मांढळच्या गटाची वही आता कोण लिहितं? मी म्हटलं, तू गेल्यापासून कोणीच नाही. शनिवारी येऊन बघते, म्हणाली.